पाहुण्याला हाक कोण मारणार?

मकरेटाचा राग फुप्फुसात नव्हताच कधी. असता तर फुप्फुसं बदलल्यावर गेला नसता का? होहेपा, तिचा नवरा, भेटेल त्याला हेच सांगायचा. "डॉक्टरांनी छाती उघडून आत सगळं नवं घातलं, पण जीभ तेवढी जुनीच ठेवली!"

आणि जीभ जुनी होती म्हणून बरं. कारण गावात मकरेटाची ओळख एकच, मराएवर, म्हणजे गावच्या सभाघरापुढच्या अंगणात, हाक मारणारी बाई. पाहुणे मराएच्या फाटकाशी येऊन थांबले, की आतून गावची बाई लांब सुरात त्यांना बोलावते. ती हाक येईपर्यंत मंत्री असला तरी त्यानं फाटकात ताटकळायचं. हाकेत पाहुण्यांना बोलवायचं, त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या मेलेल्या माणसांनाही बोलवायचं, आणि मध्ये तुटू द्यायचं नाही. मकरेटानं ते अर्धं आयुष्य केलं. पोरं म्हणायची, नॅनी-आजीनं हाक मारली की खाडीतले मासेसुद्धा वळून बघतात.

मग तिची फुप्फुसं आक्रसत गेली. नाकात नळी आली, चार पावलांवर धाप लागायला लागली. तरी बाई ऐकतेय थोडीच? सख्ख्या भावाच्या मयताला हट्टानं उभी राहिली. हाक अर्ध्यावर गेली आणि तुटली. सगळा गाव मान खाली घालून उभा होता, आणि मकरेटाच्या तोंडातून नुसती हवा येत होती. त्या रात्री ती होहेपाला म्हणाली, "त्याच्या जागी मी गेले असते तर बरं झालं असतं." त्यानंतर तिनं मराएवर पाऊल टाकलं नाही. मुलीला, रिपेकाला, म्हणाली, आता तू मार हाक. रिपेकानं कानावर हात ठेवले. "मला नाही जमायचं आई. तो तुझा आवाज."

कुठेतरी कुणीतरी गेलं आणि मकरेटाला फुप्फुसं मिळाली. कुणाची, ते सांगत नाहीत. ऑकलंडला इस्पितळाजवळच्या खोलीत नवराबायकोनं तीन महिने काढले. ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो होहेपा सकाळ-संध्याकाळ गोळ्या मोजून हातावर ठेवायचा. इकडे पुतण्यांनी घरातला बुरसटलेला गालिचा उपटून जाळला, भिंती रंगवल्या. रिपेकानं डॉक्टरांचे नियम पाठ केले. गर्दी नको, माती नको, कच्ची शिंपली नकोत, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या नाकाला नाक लावायचं नाही. आता आमच्याकडे नाकाला नाक लावून, श्वासात श्वास मिसळून भेटतात. तेच बंद!

रोज सकाळी एका छोट्या यंत्रात फुंकायचं असे. होहेपा समोर उभा.

"अजून. जरा दम लाव."

"दम मला नको देऊस मेल्या. दम मलाच लागलाय!"

फुंकर वाढत गेली. जिनेही चढायला लागली. पण हाक मात्र मारून बघितली नाही. होहेपानं एकदा सुचवलं तर म्हणाली, "कुणाला मारू? खिडकीबाहेरच्या बसगाडीला?" खरं सांगायचं तर ती घाबरली होती. तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला तर? किंवा पुन्हा नुसती हवाच आली तर?

ती घरी येणार त्या दिवशी गावानं मराएवर जेवण ठेवलं होतं. रिपेकानं ठरवलं, आईला मागून स्वयंपाकघराच्या दारानं आणायचं, खिडकीपाशी वेगळं बसवायचं, सगळ्यांनी लांबूनच हात हलवायचे. फाटकातून आणली तर म्हातारी मंडळी नाकं पुढे करून रांग लावणार, त्यांना आवरणार कोण?

गाडी मागच्या रस्त्याला वळली, तशी मकरेटानं नवऱ्याच्या खांद्यावर थप्पड मारली.

"ए, कुठे निघालास?"

"मागच्या दारानं. रिपेकानं सांगितलंय."

"मागच्या दारानं? मी काय बटाट्याचं पोतं आहे? वळव गाडी!"

वळवली. करतो काय? मकरेटा फाटकाशी उतरली आणि खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. रिपेका पिठाच्या हातांनीच धावत आली.

"आई, कशाला हट्ट करतेस? वारा केवढा सुटलाय! तू काय पाहुणी आहेस का इथली?"

"मी नाही. माझ्यासोबत आलंय ते आहे." मकरेटानं छातीवर हात ठेवला. "हे माणूस या गावात कधी आलेलं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. स्वतःचा श्वास मला देऊन गेलंय. आणि तुम्ही त्याला चोरासारखं मागच्या दारानं आत घेणार? माझ्या मराएवर? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

होहेपानं हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"पण हाक तर तूच मारतेस," रिपेका म्हणाली.

"मी आज पाहुण्याच्या बाजूला उभी आहे. गावाकडून कोण मारणार?"

सगळे रिपेकाकडे बघायला लागले.

"आई, मी चुकेन गं."

"चूक की! मी तर अख्ख्या गावासमोर अर्ध्यात तुटले होते. मेले का? आहे ना ही उभी! बोल, आहे का दम?"

रिपेकानं एप्रन काढून चुलतभावाच्या अंगावर फेकला आणि तरातरा जाऊन सभाघराच्या ओसरीसमोर उभी राहिली. गाव तिच्या मागे गोळा झाला. तिचा आवाज आधी कापला, मग सरळ झाला. *ये, लांबून आलेल्या पाहुण्या, ये. तुझी मेलेली माणसं सोबत घेऊन ये.*

हे शब्द मकरेटानं स्वतः किती वेळा म्हटले होते. आज ते तिच्यासाठी होते. तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. श्वास आत गेला, खाली गेला, जिथे कित्येक वर्षं काही पोचलं नव्हतं तिथे गेला. आणि पाहुण्याकडून द्यायची उलट हाक निघाली. खरखरीत होती, पण तिची होती. तिनं आपल्या गेलेल्या भावाला हाक मारली. मागे जिथे तुटली होती, तो शब्द आला आणि पार झाला. मग तिनं आणखी एकाला हाक मारली, *ज्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही तो तू, चल, पोचलास.* चालता चालता ती रडत होती, पण सूर काही सोडला नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. म्हाताऱ्यांनी नाकं पुढे केली. होहेपा मध्ये आडवा आला. "मागे व्हा! तिच्या वाटचं मला द्या!" आणि सगळ्या गावाची नाकं एकट्यानं घेतली. शेवटी त्याचं नाक लालबुंद झालं होतं.

जेवण झालं. मकरेटा पाहुण्यांच्या जागेवर, खिडकीपाशी, निमूट बसून जेवली. मग उठली, मास्क बांधला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसायचा पंचा उचलला.

"आई!" रिपेका ओरडली. "ठेव ते! जाऊन बस! पाहुणी आहेस ना आज?"

"होतो," मकरेटा म्हणाली. "हाक झाली, जेवण झालं. आता आम्ही दोघंही घरचे. दे ती ताटली इकडे."