आदल्या संध्याकाळचा चहा

गजभिये साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरपरिषदेच्या आवारात जेसीबीची वाट पाहत उभा होतो. बाजाररस्त्यावरच्या टपऱ्या त्या सकाळी हटवायच्या होत्या. मोहीम पुढे ढकलून मी नागपूरला निघालो... वाटभर आमची शेवटची भेट आठवत राहिली. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी, अंथरुणावरून, त्यांनी क्षीण आवाजात विचारले होते, "लोकांकडे जाऊन आला का गा?" टपरीवाल्यांना नोटिसा बजावल्या आहेत, असे मी सांगितले. त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला.

मुख्याधिकाऱ्याचे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांची सारी हयात जिल्ह्यातल्या लहान नगरपरिषदांत गेली. एका गावी फार काळ त्यांना कुणी राहू दिले नाही. अतिक्रमण काढण्याच्या आदल्या संध्याकाळी ते एकटे पायी निघत आणि प्रत्येक टपरीवर थांबत. अशाने माणसे पुढाऱ्यांकडे धाव घेतात, अशी आमची कुरकुर असे. आणि तसे घडेही. एकदा एका चहावाल्या बाईंनी कप पुढे करत त्यांना सुनावले, "आज माह्या हातचा चहा पेता अन् उद्या टपरी पाडता. लाज नाही वाटत का हो सायेब?"

"वाटते ना बाई. म्हणूनच तर आलो."

त्यांनी कप संपवला. टपरी दुसऱ्या दिवशी हटलीच. हा त्यांचा हळवेपणा, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला आणि पुढे स्वतः मुख्याधिकारी झाल्यावर नोटिशीवरच निभावून नेत राहिलो.

काही आठवड्यांनी मोहीम पुन्हा ठरली. आदल्या संध्याकाळी मी गाडी दूर उभी केली. पहिलीच टपरी एका शिंप्याची. तो मशीनवरून उठला नाही. "टपरी मीच काढून घेतो जी," तो म्हणाला, "पण उद्याच काहून? लग्नाचे कपडे शिवून राहिलो. परवा देऊन टाकतो, मंग काढतो."

इतकेच होते. दोन दिवस थांबणे माझ्याच अधिकारात होते, आणि त्याला कधी जमेल, हे नोटिशीने विचारलेच नव्हते. परवापर्यंत थांबतो, असे मी त्याला सांगितले. साहेब संध्याकाळभर काय ऐकत फिरत, ते मला आता उमगले... त्यांना सांगायला मात्र उशीर झाला होता. शिंप्याने स्टूल पुढे सरकवले, शेजारून चहा मागवला. मी तो सावकाश संपवला आणि पुढच्या टपरीकडे वळलो. तिथल्या माणसाने मला पाहून शटर अर्धे ओढून घेतले. मी बाहेर थांबलो.