किनुयोकाकूंचे शिवशिवणारे हात

ओसाकाच्या तेन्मा बाजारात किनुयोकाकूंचं इस्त्रीचं दुकान आहे, पण त्यांचं नाव झालंय ते भलत्याच कारणाने. रस्त्यात कुणाचा युकाता, म्हणजे उन्हाळी किमोनो, वाकडा दिसला की काकूंचे हात शिवशिवतात. उन्हाळ्यात पाहुण्यांचे लोंढे येतात, भाड्याचे सुती युकाते नेसून मिरवायला लागतात, आणि काकूंना उसंत म्हणून राहत नाही. कुणाचा कमरपट्टा सैल, कुणाचा घोळ लोंबतोय. एखाद्या पाहुणीने डावा काठ खाली नि उजवा वर घेतलेला दिसला, तर काकू भर रस्त्यात ओरडतात, "अगं बाई, असं मढ्याला नेसवतात!"

पाहुणीला अक्षर कळत नाही. ती 'हो हो' म्हणेपर्यंत काकूंनी तिला आडोशाला नेऊन, गरागरा फिरवून नीट नेसवलेलं असतं. वर हातावर खारवलेल्या आलुबुखाराची गोळी, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. आपल्या गावात आलेलं माणूस नीटनेटकं दिसावं, एवढंच काकूंचं म्हणणं.

त्यांच्या मुलाला, कोसुकेला, मात्र यात काडीची गंमत वाटत नाही. मागे त्याने एक मुलगी आईला दाखवायला आणली होती. स्टेशनावर नमस्कार होतो न होतो तोच काकूंनी तिचा कमरपट्टा सोडला. मुलगी परतीच्या गाडीने गेली ती गेलीच. तेव्हापासून कोसुके दूर सापोरोला नोकरी करतो आणि आईला जपूनच फोन करतो.

यंदा जुलैत त्याचा फोन आला.

"आई, तेंजिनच्या उत्सवाला मिहारुला घेऊन येतोय. लग्न करायचं म्हणतोय आम्ही. पण तिला हात लावायचा नाही."

"अरे, मी काय मारणार आहे तिला?"

"मारलंस तरी चालेल एक वेळ. तिचे कपडे नीट करायचे नाहीत! या वेळी काही झालं ना, तर मी पुन्हा ओसाकाला पाऊल टाकणार नाही."

पोरगा एकुलता एक. काकूंनी शपथ घेतली. स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून उत्सवाच्या दिवशी एका हातात पंखा आणि दुसऱ्या हातात बार्लीच्या गार चहाची बाटली घट्ट धरून त्या नदीच्या पुलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मिहारु आली आणि काकू बघतच राहिल्या. निळ्या फुलांचा युकाता, मानेमागे गळपट्टीला बरोबर मूठभर अंतर, कंबर खांबासारखी सरळ. कुठे म्हणून सुरकुती नाही. काकूंना जरा वाईटच वाटलं. एवढं निर्दोष असू नये माणसाने!

"छान हो," त्या म्हणाल्या. कोसुकेने सुटकेचा श्वास सोडला.

पुलावर वारा म्हणून नव्हता. उत्सवाच्या होड्या बघायला माणसांची ही गर्दी. काकू गप्पा मारत होत्या, मिहारु हसून मान डोलवत होती. हळूहळू ते हसू विरलं. पोरीचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला.

"मिहारु, कंबर सरळ दिसायला आत टॉवेल किती गुंडाळलेस गं?"

"पाच, काकू."

"पाच? या उकाड्यात? एक पुष्कळ होतो!"

"तुम्हाला कंबर सरळ लागते म्हणून... आठवडाभर आरशासमोर सराव केला..." एवढं बोलून तिने कठडा धरला.

काकूंचे हात उचलले गेले.

"आई! शपथ!" कोसुके ओरडला.

काकू एक क्षण थांबल्या. हात लावला तर मुलगा जातो, आणि नाही लावला तर ही पोर इथेच कोसळते. त्यांनी पंखा कमरेला खोचला.

"शपथ गेली खड्ड्यात! तू तिकडे तोंड करून उभा राहा आणि लोकांना अडव!"

बर्फाच्या गोळ्याच्या गाडीमागे नेऊन त्यांनी कमरपट्टा सोडला, दोऱ्या सोडल्या, टॉवेल उपसून काढले. सगळे ओलेचिंब. गार बाटली मानेवर टेकवली, मग चहा घोटाघोटाने पाजला. काकूंना गलबलून आलं. ही पोर आपल्याला घाबरून एवढी आवळून घेऊन आली! वर्षानुवर्षं आपण लोकांना नीट करत फिरलो, तेव्हा कितीजणींचा श्वास असा कोंडला असेल?

मिहारुने मोठा श्वास घेतला आणि तिला हसूच फुटलं.

"काकू, कोसुकेने सांगितलं होतं, आई भर रस्त्यात तुझा कमरपट्टा सोडेल. मी रोज रात्री त्या भीतीने जागी! आणि ओसाकात आल्यापासून एवढं बरं कधी वाटलंच नाही हो!"

काकूंनी मग तिला नेसवलं, जन्मात कधी नेसवलं नव्हतं इतकं सैल. कंबर गोल, घोळ वाकडा, गाठ कशीबशी. गळा चांगला ऐसपैस. कोसुके वळून बघतो तर त्याची होणारी बायको लाल सरबत घातलेला बर्फाचा गोळा खातेय नि आई ओले टॉवेल काखेत मारून तिला पंख्याने वारा घालतेय.

आकाशात पहिली आतषबाजी फुटली. तिघं गर्दीतून चालू लागली. इतक्यात समोरून एक ठसठशीत बाई आल्या, मिहारुकडे बघून थबकल्या आणि "अगं बाई, हा काय अवतार!" म्हणत तिच्या कमरपट्ट्याला हात घालू लागल्या.

काकूंनी तो हात वरच्यावर धरला.

"अहो, सोडा! माझी सून आहे. ती अशीच नेसते!"