पेवाच्या तोंडाशी

माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिण्यात चुका सापडतील, खोटं सापडायचं नाही. कामावर मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, तेच सांगायला बसलोय.

सांगलीजवळ हरिपूरला आम्ही हळदीच्या पेवांवर काम करायचो. पेव म्हणजे जमिनीत खणलेला भला मोठा रांजण समजा. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं, खोल दोन-तीन पुरुष. आत उसाचं पाचट लावायचं, हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. हळद आत वर्षानुवर्षं टिकते, पण हवा मरते. म्हणून पेव उघडलं की चार तास तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर थांबायचं. इथं कुणाचं शहाणपण चालत नसे.

टोळीत आम्ही पाच जण. कंदील सोडायचा मी आणि पहिला उतरायचाही मीच. वीस वर्षं हा मान मी कुणाला घेऊ दिला नाही. मला भ्या ठाऊक नाही, असं चारचौघांत सांगायचो. तेव्हा ते खरं होतं.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत कारभारीण गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. सून म्हणाली, "मामा, चार दिस ऱ्हावा की घरात." मी म्हणालो, "घरात बसून काय भिंती मोजू?" मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, गडी घट्ट हाय. ते ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढं दोन महिने घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. कुणी बोललं तर ऐकू यायचं, पण उत्तराला शब्द गोळा करावे लागायचे. हे दुःख असतं, जाईल, असं धरून चाललो होतो. त्याची भीती नव्हती. भीती दुसरीकडूनच आली.

एकदा पेवात एकटाच टोपल्या भरत होतो. शेवटची टोपली वर गेली. हाक आली, "या वर, नाना." मी हललो नाही. डोक्यावर तोंडाचा उजेड ताटलीएवढा दिसत होता. आत गारवा, हळदीचा वास, बोलणारं कुणी नाही. तिथं मला इतकं बरं वाटलं की अंगावर काटा आला. दुसरी हाक, तिसरी, मग आरडाओरडा. शेवटी दोर धरून वर आलो आणि उलट त्यांनाच झापलं, "मेलो न्हाई अजून, वरडताय कशाला?" पण घरी जाताना वाटेत दोनदा सायकलवरून उतरलो.

कारण मला आई आठवली होती. आमचं गाव वडूजकडचं. मी नऊ वर्षांचा असताना धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून आई चूल न पेटवताच चुलीपुढं बसून राहायची. बाप तिला विहिरीकडं जाऊ देत नसे. सगळं पाणी तोच भरायचा. डोक्यावर घागर घेऊन बाप निघाला की पोरं मला चिडवायची, "तुझा बा बाई झाला रं!" लाजेनं मी बापाशी बोलणं टाकलं. आई पुढं वर्षभरात सावरली, म्हातारी होऊन गेली. पण बाप त्या वर्षी कशाला भीत होता, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर सायकलवर कळलं.

माझ्यावर तशी नजर ठेवणारं कुणी नव्हतं. पोरगा दिवसभर कुपवाडला कारखान्यात. आणि कुणी ठेवली असती तरी मी ठेवू दिली नसती. काम सोडावं, असं रोज सकाळी मनात यायचं. मग वाटायचं, लोक म्हणतील म्हातारा भ्याला. म्हणून जात राहिलो. पेव दिसलं की भीती वाटायची. पेवाची नाही, माझीच भीती. आत गेल्यावर हा माणूस काय करील, ते मला सांगता येईना.

मग तो दिवस आला. हवा पार पडलेली, पान हलत नव्हतं. सकाळी उघडलेलं पेव, मी कंदील सोडला आणि ओणवा होऊन बघत राहिलो. ज्योत बसली, निळी झाली, गेली. खाली काळोख. माझ्याशिवाय ते कुणी बघितलं नाही.

मी म्हणालो, "जळतोय."

कंदील वर ओढून पाठीमागं ठेवला आणि कमरेला दोर बांधायला लागलो. हात अगदी शांत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात टोळीतला माझा जोडीदार पुढं आला. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तोंडाचा लय फाटका. "नाना, गुडघा सुजलाय न्हवं तुमचा? बसा वर. सारखं तुमीच पयलं, लगीन तुमचं हाय का काय?" बाकीचे हसले. मी नको म्हणेपर्यंत गड्यानं दुसरा दोर बांधला आणि पाय आत सोडून बसलासुद्धा.

मी त्याचं मनगट धरलं.

"सोडा की!"

"कंदील इझलाय."

तो हसत होता, तसाच थांबला. मग एकेक पाय बाहेर काढला. "कवा इझला?"

"मगाशी."

"मग जळतोय म्हणालात ते?"

त्यानं माझ्या कमरेच्या दोराकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "माझी दोन लेकरं हायती, नाना," तो एवढंच बोलला. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मग माझ्या तोंडून निघालं, "तुला न्हवतं रं धाडायचं. मलाच वर यायचं न्हवतं."

दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही. संध्याकाळी जोडीदार घरी आला, पोराला आणि सुनेला सगळं सांगितलं. मी ओरडलो, त्याला चालता हो म्हणालो. तो उंबऱ्यात बसून राहिला. "उद्या मिरजंला डॉक्टरकडं न्हेतो. न्हाई आलात तर उद्यापास्नं पेवावर पाय ठेवू देणार न्हाई."

डॉक्टरला मी आधीच सांगितलं, "मी येडा न्हाई." तो म्हणाला, "वेडे कुणी म्हटलं? झोप लागते का, ते सांगा." गोळ्या दिल्या. त्या खायच्या नाहीत म्हणून मी आठ दिवस भांडलो, मग खाल्ल्या.

कामावर परतलो तेव्हा कंदील आणि दोर दोन्ही जोडीदाराच्या हातात गेले होते. रोज सकाळी तो सगळ्यांदेखत विचारायचा, "नाना, आज कसं?" मी म्हणायचो, "बरं हाय." माझं तोंड बघून तो ठरवायचा. मला त्याचा राग यायचा. एक दिवस रागातच खरं बोललो, "आज भ्या वाटतंय." मला वाटलं, आता हसतील. तो म्हणाला, "मग वरच ऱ्हावा, टोपल्या वढा." दुपारपर्यंत मान खाली घालून टोपल्या ओढल्या.

आता काम सुटलं. भीती पुरती सुटलेली नाही. एखाद्या सकाळी उठल्या उठल्या येऊन बसते. तेव्हा मी सुनेला हाक मारतो आणि सांगतो, आज आलीय. ती हातातलं काम टाकून शेजारी बसते. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही. ती बसून राहते, मी उठ म्हणत नाही.