छत्रीवाले चाचा आणि साडेपाचच्या चाची

आमच्या मारेगावात आकाशाशी थेट बोलणं असलेला एकच माणूस आहे, आणि तो तेरा नंबरचा पाना खिशात घालून फिरतो. साऱ्या गावाचे ते छत्रीवाले चाचा. छत्री पावसातली नव्हे. गच्चीवर विटा रचून बसवलेली, सरकारी चॅनेलं फुकटात दाखवणारी ती पत्र्याची थाळी. दर महिन्याला पैसे मागणाऱ्या थाळ्यांना चाचा हातही लावत नाहीत. "ते दुकान आहे, भाऊ," ते म्हणतात, "हे आपलं आहे."

चाचांना रस्ते ठाऊक नाहीत, छत्र्या ठाऊक आहेत. पत्ता विचारा, सांगतील, "गंजलेली छत्री गेली का उजव्या हातावर वळा. मंग एक वाकडी छत्री लागते. ते म्या नाही लावली." ढाणकीला पुतण्याच्या लग्नात फोटोसाठी सगळे खोळंबले आणि चाचा शेरवानीसकट शेजारच्या छतावर! खालून लोक ओरडले, "चाचा, लगन होऊन राह्यलं!" वरून उत्तर आलं, "लगन होते अर्ध्या घंट्यात. ह्या घरात आठ दिवसांपासून बातम्या नाही!"

त्यांच्या कामाची रीत ठरलेली. चाचा वर, घरमालक दारात, बाकीचं घर टीव्हीपुढे. चाचा थाळी तसूभर फिरवून ओरडणार, "आलं का?" आतून दाराकडे आणि दारातून वर निरोप जाणार, "नाही आलं!" चित्र आलं की दारातल्याने "आलं!" म्हणायचं. कुणी काहीच बोललं नाही तर चित्र नाही असं समजून चाचा थाळी पुढे फिरवणार. असं गावभर चित्र आणणारा हा माणूस टीव्हीपुढे मात्र कधी बसला नाही. साडेपाचचा शेतीचा कार्यक्रम चाचींनी वर्षानुवर्षं एकटीनंच पाहिला.

आणि गेल्या हिवाळ्यात त्याच कार्यक्रमात खुद्द चाची येणार असं ठरलं! त्यांच्या बकऱ्यांची कीर्ती वरपर्यंत पोचली होती. कॅमेरावाले येऊन मुलाखत घेऊन गेले. मग आठवडाभर चाचा गच्च्यागच्च्यांवर चढून नट आवळत होते. पुतण्या म्हणाला, "कायले एवढं? नंतर मोबाईलवर पाह्यजा." चाचा उखडले, "मोबाईलवर एकटा माणूस पाह्यते. टीव्हीवर सारं गाव एका टायमाले पाह्यते. मले तिले साऱ्या गावासंगं पाह्यचं आहे." (तो भाग पुढे मोबाईलवर कधी आलाच नाही.)

त्या दिवशी पाच वाजता एका वानरानं माझ्या छत्रीवर बैठक मारली आणि टीव्ही निळा झाला. मी चाचांना फोन केला. हा माझा पहिला गुन्हा. "दोन मिन्टाचं काम," म्हणत ते आलेच. इस्त्रीचा कुर्ता, कानात अत्तराचा बोळा. वर चढले. "आलं का?" "नाही आलं!" असं चालू असताना बरोबर साडेपाचला पडद्यावर अवतरल्या साक्षात चाची! हिरवी ओढणी घेतलेली, आणि एक बकरी माईक खायच्या बेतात. घरात असा जल्लोष झाला की मी दार सोडून आत धावलो. हा दुसरा गुन्हा. वरून येणारं "आलं का?" कुणाच्या कानापर्यंत पोचतंय! मुलाखतवाल्यानं विचारलं, "घरच्यांची साथ आहे ना?" चाची लाजून हसल्या, "आमचे हे ना..."

खालून उत्तर नाही म्हणून चाचांनी थाळी फिरवली. चाची तोंड उघडं ठेवून चौकटीचौकटींत गोठल्या, बकरी अर्धी झाली.

"चाचा, गेलं!" आम्ही सगळे एका सुरात किंचाळलो.

"आँ? मंग आलं होतं कधी?"

मिनिटात त्यांनी चित्र परत आणलं, पण तोवर कपाशीवरची बोंडअळी सुरू झाली होती. चाचा खाली आले आणि हळूच मला म्हणाले, "कशी दिसून राह्यली होती?"

"झकास," मी म्हटलं. "बकरीसुद्धा."

चाची काय म्हणाल्या ते माझं घर सोडून गावभर ऐकलं गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जो तो चाचांकडे पाहून हसे, पण सांगेना कुणी. चाचांनी चाचींनाच विचारलं तर, "जे सांगायचं ते साऱ्या गावाले सांगतलं. तुमी कुठं होते?" तिसऱ्या दिवशी चाचा नट तपासायच्या निमित्तानं माझ्या गच्चीवर आले. किराणा दुकानातून मी सगळं जाणून घेतलं होतं. अपराध माझा होता, म्हणून सांगूनच टाकलं. चाची म्हणाल्या होत्या, "आमचे हे ना, साऱ्याईच्या घरी चित्र आणतेत. बकऱ्या सांज झाली का आपल्या आपण घरी येतेत, ह्याईची मात्र वाट पाहा लागते."

चाचांनी खिशातून पाना काढून आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळला. "सिग्नल बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि उतरले.

तेव्हापासून साडेपाचला चाचांचा फोन बंद असतो. परवा ते वानर पुन्हा आलं. सवयीनं मी नंबर काढला, मग फोन खिशात ठेवला आणि निळा टीव्ही तसाच सोडून गच्चीवर गेलो. तिथून चाचांचं उघडं दार दिसतं. आत दोन खुर्च्या. एकीवर चाचा, परक्या घरी पाहुणे गेल्यासारखे अंग चोरून बसलेले. चाची टीव्हीचं बटण दाबत होत्या. चाचांची नजर सवयीनं छताकडे गेली.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं," चाची म्हणाल्या. "बसा आता."