धायरीतले वाढदिवस

पुण्याहून आमच्या शहादा-धडगावकडे दर हिवाळ्यात माणसं कुपोषण बघायला येतात. गाडीतून उतरतात, उघड्या पोरांचे फोटो काढतात, भाकरी-ठेच्याचं कौतुक करतात आणि अंधार पडायच्या आत परततात. यंदा मी उलटा प्रवास केला. आमच्या शेजारच्या पाड्यावरची जमुना नवऱ्याबरोबर पुण्यात इमारतीच्या कामावर आहे. तिची साडेतीन वर्षांची मोगी काही केल्या जेवत नाही, असं तिच्या भावाने सांगितलं. मी शहाद्याहून एसटी धरली.

पुण्यात उतरले ती थेट मंडईत गेले. लेकुरवाळीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मंडईचा थाट खरोखर बघण्यासारखा आहे. अंजिरं हिरव्या पानांवर निजवलेली, गाजरं धुऊनपुसून रांगेत उभी. आमच्याकडे पोरांचीही इतकी निगा राखायला कुणाला सवड नसते. मी एक पेरू दाबून पाहिला.

"घ्यायचाय, की नुसती ओळख करून घ्यायचीय?" विकणाऱ्या काकांनी विचारलं.

घेतले. पुण्यात टोमणा वजनात धरत नाहीत, एवढं मान्य करायला हवं.

सिंहगड रस्त्यावर बस इतकी रखडली की मांडीवरचे पेरू आणखी पिकले. धायरी हे कालपरवापर्यंत गाव होतं. आता शेतांच्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांच्या जाहिरातींवर गुटगुटीत हसरी बाळं. जाहिरातीमागे लेबर कॅम्प (मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या) आहे. तिथली बाळं कुठल्याच फलकावर नाहीत.

पेरू कॅम्पातल्या मोठ्या पोरांनी तिथल्या तिथे फस्त केले. मोगीने हातही लावला नाही. तिचा दंड माझ्या अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात सैल बसला. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर दवाखान्यात भरती करावं लागेल. म्हणजे आईही तिथेच बसणार आणि मुकादम तिच्या जागी दुसरी बाई लावणार. म्हणून जमुना दुपारच्या सुट्टीत स्वतःचं जेवण सोडून अंगणवाडीत जाते आणि मोगीला गरम खिचडी आपल्या हाताने भरवते. एवढ्यात पोर चार घास घेऊ लागली होती.

त्या दुपारी मीही बरोबर गेले. अंगणवाडीच्या दारात फुगे लटकत होते. सेविका अनिताताई धायरीच्याच शेतकरी घरातल्या.

"समोरच्या सोसायटीतल्या पोराचा वाढदिवस हाय," त्या म्हणाल्या. "आठवड्यातनं दोन-तीन तरी असत्यातच."

पुण्यातल्या सुखवस्तू घरांनी ही नवी रीत काढली आहे. आपल्या मुलाचा वाढदिवस गरिबांच्या पोरांत साजरा करायचा आणि तो सगळ्यांना मोबाइलवर दाखवायचा. त्यातून अंगणवाडीला सतरंजी मिळते, पंखा मिळतो, म्हणून ताईही नाही म्हणत नाहीत. पाहुणे उशिरा आले होते. तोवर पोरांना उपाशी, हाताची घडी घालून बसवलं होतं. खिचडीचं पातेलं कोपऱ्यात झाकून निवत होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा केक कापून झाला होता. मोगीच्या हातात वेफर्सचा पुडा होता, तोही अर्धा संपलेला. जमुनाने खिचडीचा घास पुढे केला. पोरीने तोंड फिरवलं. जमुनाने पुडा काढून घेतला, तशी ती रडायला लागली आणि फोटो बिघडला.

"अहो, खाऊ द्या ना तिला," वाढदिवसाच्या मुलाची आई गोड आवाजात म्हणाली. "एक दिवस एन्जॉय करू दे की."

जमुना आमच्या बोलीत मला म्हणाली, या बाईला एक गोष्ट विचार. मी विचारली.

"तुमच्या मुलाने आज दुपारी हेच खाल्लं का?"

"छे हो! आरव वरण-भात जेवून आलाय. रिकाम्या पोटी असलं जंक मी त्याला देतच नाही."

आपण काय बोललो ते बाईंच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी आरवची चकचकीत टोपी सरळ केली आणि सगळ्यांना इकडे बघायला सांगितलं. गरिबांच्या तोंडचा घास पळवतात, असं मी लहानपणापासून मोर्चांच्या पत्रकांत वाचत आले. पळवताना पोरांकडून टाळ्याही वाजवून घेतात, हे पत्रकं लिहिणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं.

जमुनाने खिचडी डब्यात घेतली, मोगीला काखोटीला मारलं आणि कामावरच्या वाळूच्या ढिगाआड जाऊन बसली. घास करायची, थांबायची. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. मुकादमाने नावाने हाक मारली. जमुना उठली नाही. मुकादम समोर येऊन उभा राहिला, तेव्हा मोगीच्या तोंडात पहिला घास गेला. तो अर्धवट चावलेला घास तोंडात असतानाच तिला माझ्याकडे देऊन जमुना घमेलं उचलायला गेली. पुढचा एकही घास मोगीने माझ्या हातून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी परतले. घरी सगळे विचारतात, पुणं कसं आहे? मी सांगते, फार उदार आहे. आपल्या पोटच्या पोराला जे देत नाही, ते दुसऱ्याच्या पोरांना हसत हसत वाटतं. तपासणी अजून व्हायची आहे. मी रोज दुपारी फोन करते. दोनदा नुसतंच "नाही" ऐकलं. काल मात्र जमुनाने फोन उचलल्याबरोबर सांगितलं,

"आज वाटीभर खाल्लं. आज कुणाचा वाढदिवस नव्हता."