शून्य बदकांची पाणथळ

इर्मा झास्ट्रो खोटं बोलायची ती फक्त एकाच बाबतीत. कुणाचं वय, कुणाचं वजन, शेजारणीचा फसलेला केक, यांबद्दल ती तोंडावर खरं बोलून लोकांना नकोसं करायची. शाळेची बस चालवताना आरशात बघून मागच्या बाकावरच्या पोरांना त्यांच्या आईबापांचे गुणदोष ऐकवायची. पण "इर्मा, यंदा बदकं कुठं बसताहेत?" असं कुणी विचारलं, की हीच बाई चेहरा पाडून म्हणायची, "कसली बदकं? डास आहेत. हवे असले तर घेऊन जा."

ऑस्टरमिल गावात याला कुणी पाप मानत नसे. बदकांच्या शिकाऱ्यांचंच गाव ते, आणि आपली जागा दुसऱ्याला सांगायची नाही हा तिथला कायदा. माणूस तुमच्या मुलीच्या लग्नात रात्रभर नाचेल, तुमचं गोठ्याचं छप्पर उडालं तर पहाटे शिडी घेऊन दारात उभा राहील, पण काल चार हिरव्या डोक्याची बदकं कुठं मारली हे विचाराल तर पूर्वेकडे बोट दाखवून पश्चिमेला निघून जाईल.

इर्माची जागा घोडीच्या पाणथळीत होती. गावाच्या उत्तरेला मैलभर पसरलेली ती दलदल, उंच पाणकणसांनी भरलेली. कुण्या काळी कुणाची घोडी त्यात बुडाली म्हणून हे नाव. बरोबर मध्यभागी झाडांच्या एका दाट पट्ट्यामागे एक तळं होतं. ते कुठल्या नकाशात नव्हतं, कारण तिथवर पोचायला होडीतून उतरून, पायाखाली हलणाऱ्या गवताच्या थरावरून चाळीस पावलं होडी ओढत न्यावी लागे. तळ्यात सगळीकडे जंगली भात. इर्मा अकरा वर्षांची असताना बापानं तिला ते दाखवलं, आणि दाखवण्याआधी शपथ घ्यायला लावली. त्यानंतर एकावन्न वर्षं तिनं ते कुणालाही दाखवलं नाही. नवरा एमिल बिचारा देवाघरी गेला तो आपली बायको पूर्वेच्या चरावर शिकार करते असं समजूनच.

पंधरा वर्षांपूर्वी सरकारनं होड्यांच्या धक्क्यावर एक लाकडी पेटी ठोकली होती. शिकाऱ्यानं परत जाताना एक कार्ड भरायचं, किती बदकं दिसली, किती मारली ते लिहायचं, सही करायची आणि पेटीत टाकायचं. कल्पना चांगली होती. फक्त पेटीला कुलूप लावायचं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्यानं काय लिहिलंय ते जो तो उघडून वाचायचा, आणि दुसराही आपलं वाचणार हे ओळखून शून्य लिहायचा. इर्मा तर शून्याखाली दोन शब्द वाढवायची, "डास भरपूर."

मग एका ऑक्टोबरात धक्क्यावर नोटीस लागली. घोडीची पाणथळ उपसून तिथं कांद्याची शेती करायचा बेत जिल्हा मंडळापुढे आला होता, आणि त्यावर गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. बेत शेतकरी वेंडेल ऑटचा. वेंडेल वाईट माणूस नव्हता. साचलेलं पाणी दिसलं की त्याला चर खणल्याशिवाय चैन पडत नसे, एवढंच.

सभेला निघताना इर्मा निर्धास्त होती. अर्धं गाव बदकांवर जगतंय, वाळवू कोण देणार?

सभागृहात पुढच्या टेबलाशी मार्लीस कुबियाक बसली होती, सरकारच्या पाणथळ खात्याची अधिकारी. सहा वर्षं ती इर्माच्या बसनं शाळेला गेली होती आणि तिशी ओलांडली तरी इर्माला अजून मिसेस झास्ट्रोच म्हणायची. ती पाणथळीच्या बाजूनं बोलायला आली होती, पण तिचा चेहरा उतरलेला होता. वेंडेल उठला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मिस कुबियाक, त्या पेटीतल्या कार्डांची बेरीज सांगता का?"

मार्लीसनं कागदावरची नजर वर न उचलता सांगितलं, "पंधरा वर्षांत दोन हजार तीनशे कार्डं. दिसलेली बदकं एकूण एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," वेंडेल मंडळाकडे वळला. "वर्षाला तीनसुद्धा पडत नाहीत. माझ्या अंगणात याहून जास्त कावळे येतात. आणि हे मी म्हणत नाही हां. इथल्या शिकाऱ्यांनी सह्या करून लिहून दिलंय."

मागच्या रांगेतले शिकारी आपापल्या बुटांकडे बघू लागले. मंडळाचे अध्यक्ष हॅरोल्ड ट्वेट चष्मा पुसत म्हणाले, "कुणाला काही म्हणायचंय?"

इर्मा मनात हिशेब करू लागली. गप्प बसलं तर तळं तिचं एकटीचं राहणार, पण वसंत ऋतूपर्यंतच. पुढं तिथं कांदे. आणि बोललं तर तळं वाचेलही कदाचित, पण तिचं राहणार नाही. शिवाय सगळ्या गावासमोर खोटारडी ठरायचं. तिला वेंडेलपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. आपण हातानं लिहिलेल्या शून्यांनी हा माणूस आपली पाणथळ उपसायला निघालाय. ती उठली.

"मार्लीस, त्यात माझी कार्डं किती गं?"

"तीनशे चौदा, मिसेस झास्ट्रो."

"सगळ्यांवर शून्य?"

"शून्य. आणि खाली डासांबद्दल लिहिलंय."

"डासांचं खरं आहे. बाकी सगळं खोटं."

सभागृहात कुजबूज उठली. वेंडेलनं हात वर केला. "थांबा. म्हणजे तुम्ही पंधरा वर्षं सरकारला सही करून खोटं लिहून देत होता?"

"हो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"कारण आज खरं बोलून माझं नुकसान होतंय, वेंडेल."

ती भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. टेबलावरची पेन्सिल तिनं उचलली होती. पाणथळीच्या मधोमध, जिथं नकाशात नुसतं हिरवं होतं, तिथं तिनं एक गोल काढला. "इथं तळं आहे. माझ्या बापानं दाखवलेलं. ऑक्टोबरात तिथं एवढी बदकं असतात की पाणी दिसत नाही."

हर्ब नॉयमान उभा राहिला. चाळीस वर्षं तो इर्माबरोबर एकाच गाडीतून धक्क्यावर यायचा. "तिथं? तिथं घोडी बुडाली म्हणून सांगितलं होतंस ना मला?"

"घोडी बुडाली ती तू बसतोस तिथं."

लोक हसता हसता खुर्च्यांवरून पडायचे राहिले. हर्ब हसला नाही. तरातरा पुढं येऊन त्यानं पेन्सिल हिसकावून घेतली, नकाशाकडे दोन मिनिटं बघत उभा राहिला, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात स्वतःचा गोल काढला. "मी तरी कुठं तिथं बसतो," तो पुटपुटला. "हे बघ. दोनशे तर रोजची."

"हर्ब्या, चोरा!" दारूच्या गुत्त्याचा मालक क्लेटस मागून ओरडला. "तिथं विषारी झुडपं आहेत म्हणाला होतास!" पण ओरडता ओरडता तोही पुढं आला, आणि त्याचा गोल हर्बच्या गोलापासून बोटभर अंतरावर निघाला. मग रांगच लागली. सख्ख्या भावांनी एकमेकांपासून लपवलेल्या जागा नकाशावर उमटल्या. एका बाईनं नवऱ्याच्या जागेवर गोल काढला तेव्हा नवरा आ वासून बघत राहिला. भांडणं झाली, एकाची टोपी जमिनीवर आपटली गेली, आणि तासाभरात त्या नकाशावर सव्वीस गोल झाले.

"मला एक आठवलं," मार्लीस हळूच म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "दरवर्षी नोव्हेंबरात सेंट हेडविग चर्चच्या तळघरात गावजेवण असतं. दोनशे पानं. आंबवलेला कोबी आणि भाजलेलं बदक. ती बदकं कुठून येतात?"

अध्यक्ष ट्वेट खाकरले. "मी गेल्या वर्षी दोनदा वाढून घेतलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा विचारायचं सुचलं नाही."

वेंडेल मात्र कच्चा नव्हता. "कागदावर गोल काढले म्हणून बदकं होत नाहीत," तो म्हणाला, आणि हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ज्यांनी पंधरा वर्षं एक लिहिलं ते आज दुसरं सांगताहेत, तर मंडळानं विश्वास कशावर ठेवायचा? शेवटी ठरलं, शनिवारी सकाळी मंडळानं स्वतः जाऊन बघायचं. इर्माचं तळं, इर्मा नेणार.

शुक्रवारी गोठवणारी थंडी पडली आणि इर्माचा जीव टांगणीला लागला. बदकं कुणाला बांधील नसतात. वारा फिरला, पाण्याच्या कडेला बर्फ धरलं, की एका फटक्यात दक्षिणेला निघून जातात. एकावन्न वर्षांत असं तीनदा झालेलं तिनं पाहिलं होतं.

शनिवारी पाच होड्यांतून अकरा सभासद, मार्लीस, हर्ब आणि वेंडेल असे सगळे निघाले. गवताच्या थरावर उतरायची वेळ आली तेव्हा निम्मे सभासद ऑफिसच्या बुटात होते. एका सभासदाचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. इर्मा पुढं चालत होती आणि कान देऊन ऐकत होती. नेहमी इथवर आलं की पलीकडचा कलकलाट ऐकू यायचा. आज काहीच नाही. झाडांच्या फांद्या बाजूला करून तिनं पाहिलं. पाणी करडं, शांत, रिकामं. काठाला बर्फाची पांढरी किनार.

सगळे तिच्या मागं येऊन उभे राहिले. हर्बनं तिच्या दंडावर हात ठेवला.

वेंडेलनं चिखलात टाच रोवून बघितली, मूठभर काळी माती उचलली, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काय सुंदर कांदा येईल हो इथं."

आणि तळं उठलं.

वाऱ्यापासून आडोसा म्हणून सगळी बदकं पलीकडच्या काठाला, उंच भातात घुसून बसली होती. वेंडेलच्या आवाजानं ती एकदम उडाली, आधी शंभर, मग हजार, मग मोजायची सोय राहिली नाही. पंखांचा असा आवाज झाला की माणसांनी नकळत माना खाली घातल्या. सूर्य दिसेनासा झाला. मार्लीस वही काढून मोजायला लागली होती, तिनं वही खिशात टाकली आणि नुसती वर बघत राहिली. ट्वेटसाहेबांनी टोपी काढून हातात धरली होती. वेंडेल ऑट चिखलात बसला होता. कधी बसला, त्यालाही कळलं नसावं.

"एवढी?" तो म्हणाला.

"ही सकाळची," इर्मा म्हणाली. "दुपारी आणखी येतात."

सोमवारी मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. त्या दोघांतला एक वेंडेलचा मेव्हणा होता आणि दुसऱ्याचा बूट अजून पाणथळीत होता. उपसण्याचा बेत रद्द झाला, आणि शिकार चालू ठेवून घोडीची पाणथळ कायमची राखीव झाली. मंगळवारी सकाळी इर्मानं पहिल्या थांब्यापासून शाळेच्या दारापर्यंत हॉर्न वाजवत बस नेली. पोरांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढून बदकांचे आवाज काढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

एवढ्यावर ती थांबती तर इर्मा कसली. पुढच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, तो सव्वीस गोलांचा नकाशा गुंडाळून ती चौदा गावं फिरली. प्रत्येक सभागृहात मागं हाताची घडी घालून बसलेले शिकारी तिला ओळखीचेच वाटायचे. "तुम्ही शून्य लिहून जागा लपवत नाही," ती त्यांना सांगायची, "तुम्ही तुमच्या इथल्या वेंडेलला चर खणून देताय." कुठं हुर्यो उडवली गेली, कुठं टाळ्या पडल्या. एका गावात एक म्हातारा उठून गेला आणि दहा मिनिटांनी स्वतःचा नकाशा घेऊन परत आला. त्या वर्षी आणखी तीन पाणथळी वाचल्या.

मग ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडायचा शनिवार आला. पहिल्या दिवशी शिकार सुरू होते ती दुपारी बाराला, भोंगा झाल्यावर. कुणी पाठलाग करू नये म्हणून इर्मा नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघायची. आता त्याची गरज नव्हती, पण सवय जाते थोडीच. गवताच्या थरावरची वाट यंदा हातभर रुंद झाली होती, इतक्या होड्या तिथून ओढल्या गेल्या होत्या. फांद्या बाजूला सारून तिनं बघितलं तर तळ्यात नऊ होड्या. खरी बदकं भुलावी म्हणून जागोजागी लाकडी बदकं तरंगत होती, डब्यांतून सॉसेजचा वास येत होता, क्लेटस बदकांना बोलवायची शिट्टी इतकी वाईट वाजवत होता की ऐकवत नव्हतं. तिचा बाप जिथं बसायचा त्या टोकाला हर्ब पाय पसरून बसला होता. एवढ्या लोकांत इर्माला एकदम पोरकं वाटलं.

"इर्मा, इकडं ये," हर्बनं हाक मारली. "तुझ्यासाठी जागा धरलीय."

"माझ्याच तळ्यात तू मला जागा देतोस?"

"लवकर यायचं होतं मग."

तिनं त्याला पोटभर शिव्या घातल्या आणि आपली होडी त्याच्या होडीला चिकटवून लावली. बाराला गावाकडून भोंगा ऐकू आला. पलीकडच्या भातातून बदकं उठली आणि दहाच्या दहा होड्यांवरून गेली, आणि गेल्या वर्षापेक्षा यंदा ती जास्तच होती. इर्मानं बंदूक उचललीच नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि हर्ब अगदी तोंडाकडे बघत होता, तरी तिनं ते लपवलं नाही.