मी चोरून खाल्लं नाही

चंद्रपूरच्या एका डॉक्टरनं मला फसवलं आणि वर मलाच चोर ठरवलं. त्याचं नाव लिहीत नाही. वाचेल तर त्याला कळेल.

मी सिंदेवाहीकडची, तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरातली. टोपली डोक्यावर घेऊन झिंगे विकायला सुरुवात केली आणि दोन-चार तलावांची मासोळी ठोक घेण्यापर्यंत पोचले. भाव करताना माझं तोंड चालतं, पण काट्यावर दांडी मारून मी कमी तोललं असं बाजारात कोणी म्हटलं नव्हतं. म्हणणाऱ्याला मी सोडलंही नसतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाला, "गोड बंद." एवढंच. मी त्याच दिवशी चहातली साखर सोडली. पोळ्याची पुरणपोळी सोडली, लग्नातली बुंदी सोडली. आमच्याकडे गोड म्हणजे हेच. भात म्हणजे जेवण. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. गोड सुटल्यावर पोट रिकामं वाटायचं, म्हणून वर आणखी भात. भाताला कोणी गोड म्हणतं का?

आधी गोळ्या, मग इन्शुलिन. शुगर उतरेना आणि वजन वाढत गेलं. युनिट वाढवले की भूक वाढायची, पोट सुटायचं, पुढच्या खेपेला युनिट पुन्हा वाढायचे. एकदा नणंद सोबत होती. वजनकाट्याकडे बघून डॉक्टर बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही चोरून खाता."

परतताना एसटीत नणंद म्हणाली, "वयनी, खरं सांग वं. कई खातेस? राती?"

"मी काऊन चोरून खाऊ? चूल माही, कमाई माही."

"मंग डाक्टर काय खोटं बोलून राह्यला?"

ते गावभर झालं. पंगतीत वाढपी माझ्या पत्रावळीपाशी थांबून हसायचे. बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, रोहू इकता का घरी नेऊन दडवून खाता?" त्याला मी हाकलून दिलं. पण त्याच्या मागचा माणूस वाकून माझा काटा बघायला लागला, तेव्हा मात्र मी हादरले. घरात चोरून खाणारी मापात काय सोडेल, असंच त्याच्या मनात असणार.

मी तडक डॉक्टरकडे गेले. "मले भरती करा. तुमच्याच हातचं खाऊ घाला. भेटाले कोणी येणार नाई. मंग पाहा शुगर."

"अहो बाई, हे काय हॉटेल आहे?"

"हॉटेलात कमी पैसे लागते, डाक्टरसाहेब."

त्यानं भरती केलं. माझी पिशवी झाडून बघितली, उशीखाली हात घातला. रोज सकाळी पोहे, दुपारी भात-वरण आणि बटाट्याची भाजी, चार वाजता बिस्किटं, रात्री खिचडी. सगळं त्याच्याच स्वयंपाकघरातलं. दाण्याइतकंही बाहेरचं मी तोंडात घातलं नाही. शेवटी रक्त काढलं. शुगर होती तिथंच.

"आता चोर कोण?" मी विचारलं.

त्यानं कागदावरून डोळे वर केले नाहीत. "युनिट वाढवावे लागतील," म्हणाला. "बाहेर पेशंट थांबलेत."

पुढे आमच्या जवळच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "भात किती खाता?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, भाताचीही पोटात साखरच होते. तुमचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त लागतं. जास्त घेतलं की वजन वाढतं, आणि पोटावर चरबी चढली की शरीर आणखीनच दाद देत नाही. मला लगेच समजलं. बाजारात दिवसभर ओरडणाऱ्याकडे कोणी मान वळवत नाही, मग तो आणखी ओरडतो.

भात वाटीभर केला. आधी मासोळी आणि भाजी, मग भात. पहाटे तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून चालणं. ती तपासत गेली आणि युनिट उतरवत गेली. वजन हळूहळू उतरलं. बरी झाले असं म्हणत नाही. शुगर आहे, सुई आहे. पण नणंद अजून माझ्या ताटाकडे बघते.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मला अर्धा माल दिला आणि दाम पुरा घेतला. बाजारात याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी नणंदेला घेऊन येते. ज्या आवाजात मला चोर म्हणालात, त्याच आवाजात, बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असं तिला सांगा की या बाईनं चोरून खाल्लं नाही. आणि मला सांगा, भात किती खाता, हे तुम्ही एकदाही का विचारलं नाही?